सरबत नव्हे

फोर्टातल्या गल्लीत, घड्याळजीच्या वरच्या माळ्यावर
बाटलीवाला शेठचं दुकान.
आडनावाला जागलेला माणूस, भिंतभर नुसते डबे-बाटल्या.
ओजस म्हणाला, तीस टक्केवालं द्या.
शेठनी चष्म्यावरून आधी त्याला पाहिलं, मग मला.
"डिकरा, गाडी नवी हाय ना? सोळा घे.
तीसमंदी प्लग जळते, पैसा बी जळते."
आणि पंपावरचं पेट्रोल? ओजसनं विचारलं.
शेठ उत्तरादाखल फक्त हसले,
एक फुगून लिबलिबीत झालेली नळी काउंटरवर ठेवली.

सोळा टक्के नायट्रो,
थोडं तेल, त्यात एरंडेल,
आणि उरलेलं
उरलेलं काय ते मी लेबलावर वाचलं
आणि डबा धरून तशीच उभी राहिले.

रंग गुलाबी.
मे महिन्यात आई पाहुण्यांपुढे ठेवायची
त्या सरबताचा, अगदी तोच.

परळला डोळ्यांच्या वॉर्डात सव्वीस वर्षं काढली मी.
मिथेनॉल मला इंजिनामुळे माहीत नाही.
एका पहाटे अकराजण आणले होते, स्वस्तातली प्यायलेले.
त्यातला गोदीतला भिवा धनावडे
सारखा विचारत होता,
"सिस्टर, दिवे कधी लावणार?"
खिडकीतलं ऊन
त्याच्या मांडीवर पडलेलं होतं.

ओजसला हे नाही सांगितलं.
नियम सांगितले.
नळी तोंडानं ओढायची नाही, पंप कशाला घेतलाय?
कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही,
फ्रिजकडे तर बघायचंही नाही.
मोजे घाल, हे कातडीतूनही आत शिरतं.
झाकण घट्ट. मुंबईची हवा याला गुपचूप पाणी पाजते,
मग इंजिन म्हाताऱ्यासारखं नुसतं खोकतं.
शेगडीच्या खोलीत नाही, देवघराच्या अंगाला नाही,
निरांजनाला काय कळतंय वाफ कुठवर आलीय!
"मावशी, एरंडाचं गुऱ्हाळ पुरे."
एरंड आहेच त्यात, मी म्हटलं, लेबल वाच.

फेब्रुवारीतला रविवार. मुलुंडच्या मिठागरांमागचं कोरडं मैदान.
गाडी दोन टाक्या सुंदर पळाली,
मागे पांढऱ्या धुराचं शेपूट, एरंडेलाचा गोडसर जळका वास.
तिसऱ्यांदा भरताना घाई केली पोरानं.
इंजिन तापलेलं, बाटलीचं तोंड तिरकं,
दोन-चार थेंब बाहेर.

काही झालं नाही.
म्हणजे दिसलं नाही काहीच.
टळटळीत ऊन, लाल नाही, पिवळं नाही,
फक्त गाडीच्या पाठीवरची हवा थरथरत होती
आणि आकड्याचा स्टिकर
आपणहून कडेनं वळत होता.
ओजसचा हात गाडीकडे निघाला.
कॉलर धरून मागे ओढलं त्याला, बादलीतलं ओलं गोणपाट टाकलं
आणि वर उरलेलं पाणीही.
तो ओरडला, "अगं पण काहीच दिसत नाहीये मला!"

हे वाक्य ऐकलं
आणि माझे हात थांबले.

मग बराच वेळ आम्ही गोणपाटाकडे बघत बसलो.
गार झाल्यावर त्यानं टाकी रिकामी केली,
प्लग काढून आत तेलाचे थेंब सोडले,
चाक हातानं फिरवलं, न सांगता.
डब्यावर मार्करनं मी "विष" लिहिलं.
त्यानं खाली कवटी काढली, दात जरा जास्तच झाले.

रिक्षात डबा त्यानं पायांमध्ये सरळ उभा धरला.
भांडुपच्या सिग्नलला भिवाचं सांगितलं त्याला.
सगळं नाही. दिव्यांचं सांगितलं.
सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजायला लागले,
आणि तो म्हणाला,
"मग नंतर दिसलं का त्यांना?"

मी वाकून झाकण
आणखी अर्धा आटा पिळलं.